बियाण्याच्या पोत्यावरचं नाव

मेलेल्या माणसाच्या तोंडी मी शब्द घातले. ते त्याच्या बायकोला सांगितले. तिनं ते खरे मानले आणि पुढे त्याच्या मुलीलाही तेच सांगितले. पुढे लिहिताना मला मधे मधे स्वतःची बाजू घ्यावीशी वाटेल, म्हणून हे आधीच लिहून टाकतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडपासून आत असलेल्या एका लहान गावाचा मी पोलीस पाटील होतो. या कामाला गणवेश नसतो. गावात मारामारी झाली, कुणी विहिरीत पडलं, जंगलातून अस्वल आलं की ठाण्याला कळवायचं आणि ठाण्याकडून काही आलं की गावाला. नवं शतक सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती, मी तिशीत होतो. मोबाइल अजून गावात आले नव्हते. फोन होता तो माझ्या घरी, सपरीत म्हणजे ओसरीत, एका स्टुलावर. बायकोनं त्याच्यावर विणलेला रुमाल टाकला होता.

फौजेतला माणूस गेला की बातमी घरापर्यंत कशी येते, हे तोवर मला माहीत नव्हतं. पलटणीकडून ती जिल्ह्याच्या गावी येते, तिथून तहसिलात, तहसिलातून ठाण्यात. ठाण्यातून फोन येतो पोलीस पाटलाला. वरचा प्रत्येक जण आपल्या खालच्याला सांगतो आणि मोकळा होतो. दाराशी जाऊन उभं राहायचं काम शेवटच्या माणसाचं. तो शेवटचा माणूस मी होतो.

जूनच्या सुरुवातीचा मंगळवार होता. ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा आवाज करत नव्हती. ठाण्यातल्या जमादाराचा फोन आला.

"पाटील, घरीच आहा ना? बसून घ्या आधी."

"काऊन, काय झालं?"

"तुमच्या गावचा फौजी हाये ना, विहाराजवळ घर हाये त्याचं. थो गेला. आज सकाळीच. पहाऱ्यावर होता, गोळी लागली. जागेवरच गेला. साहेब म्हन्ते, घरी कळवून द्या. बॉडी नागपूरवरी विमानानं येते, तिथून ट्रकनं."

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "बुढ्याले सांगा. औरतों को अभी मत बताना. रडारड सुरू झाली का मंग बॉडी येतवरी कोन सांभाळते?"

त्यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे रीतच तशी आहे. मरण सरळ सांगत नाहीत. मुलगी सासरी असेल आणि इकडे बाप गेला, तर तिला "बापाची तब्येत जास्त हाये, चाल" म्हणून गाडीत बसवतात. ती वाटेत सगळ्यांची तोंडं बघत येते आणि गावाच्या शिवेवर तिला कळतं. लहान पोराला घास मोडून भरवावा तसं आम्ही मरण मोडून मोडून भरवतो. मीही तोवर दोन-चार वेळा असं केलं होतं आणि त्याबद्दल लोकांनी मला शहाणा म्हटलं होतं.

फौजीचा बाप अंगणात कडुनिंबाखाली अंबाडीची दोरी वळत बसला होता. बौद्ध घर. बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, राबला होता. मुलगा फौजेत गेला, त्यानंतर घरची थोडी जमीन झाली. मी जवळ बसून हळू आवाजात सांगितलं. म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत. दोरीला पीळ पडत राहिला, नको तितका पडला, दोरी आपोआप गोळा झाली. मग तो म्हणाला, "पोट्टी दूध पिऊन रायली."

मला कळलं नाही. तो म्हणाला, "सुनेले सांगतलं तं दूध आटंल गा. लेकरू दोन मयन्याचं हाये. थो घरी येतवरी नोको सांगू."

थो घरी येतवरी, असं तो म्हणाला. जणू मुलगा सुट्टीवर निघाला होता. मग त्यानंच घरात तोंड करून आवाज दिला, "सूनबाई, पाटील आले. त्याच्या पायाले लागलं म्हन्ते. दवाखान्यात हाये."

ती दारात आली. विशीतली, अंगानं बारीक, बोलायला धीट. तिनं सासऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. इथवर जे झालं ते गावाचं, रीतीचं, म्हाताऱ्याचं होतं असं मी म्हणू शकतो. पुढचं माझ्या एकट्याचं आहे.

बुधवारी सकाळी ती माझ्या घरी आली. कडेवर मुलगी, अंगावर नवं पातळ, हातात नायलॉनची भरलेली पिशवी.

"पाटील, मी निघून रायली."

"कुठं?"

"दवाखान्यात. सौंदडवरून गाडी धरतो, गोंदियाले जातो. तिथून कोन्या गाडीत बसाचं थे तुमी कागदावर लिहून द्या. लोकाइले दाखवत दाखवत जाईन."

"बाई, थे लय दूर हाये. लेकरू घेऊन कुठं जाता?"

"लेकराच्या बापाकडं जाऊन रायली. दुसऱ्याकडं नाई."

"फौजी दवाखान्यात बायांले घेत नाई."

"मंग फौजी लोकाइच्या बायका काय करते? घरी बसून गाने म्हन्ते?"

माझी बायको पाण्याचा गडवा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. तिला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं.

"बरं, जाऊ नोका देऊ," फौजीची बायको म्हणाली आणि तिनं पिशवी खाली ठेवली. "फोन लावून द्या. ठाण्यातून सांगावा आला, तं नंबरही आला असंल."

मी "नंबर नाही" म्हणू शकत होतो. लाइन बंद आहे म्हणू शकत होतो, ती आठवड्यातून तीनदा बंद असायचीच. पण ती माझ्यासमोर उभी होती, तिचा माझ्यावर विश्वास होता आणि तिला हातात काहीतरी देऊन घरी पाठवायची मला घाई झाली होती. मी फोन उचलला आणि माझ्या साळ्याच्या गोंदियातल्या दुकानाचा नंबर फिरवला. साळा त्याच्या सासरच्या लग्नाला गेला होता, दुकानाला कुलूप होतं, हे मला माहीत होतं.

तिकडे बंद दुकानात घंटी वाजू लागली. मी दोन घंट्यांच्या मधे बोलत होतो.

"हॅलो. हां साहब, मैं गाँव से पोलीस पाटील बोल रहा हूँ. हां, उन्हीं के बारे में. उनकी घरवाली आई है. अच्छा. होश में है? अच्छा, अच्छा."

तिचे डोळे मोठे झाले. तिनं हात पुढे केला. "इकडं द्या मले."

"डाक्टर हाये बाई, थो बायांसंग नाई बोलत. निरोप देईल म्हन्ते."

"मंग त्याइले इचारा, पोट्टीचं नाव काय ठेवाचं."

आणि फोनचं बिल वाढतंय अशा घाईनं तिनं सगळं सांगून टाकलं. मुलगी झाल्यापासून नावाचं अडलं होतं. ती म्हणत होती, विहारात वंदना घेऊन नाव ठेवून टाकू. तो म्हणत होता, मी सुट्टीवर आल्यावर. मागच्या वेळी तो बोलला तो याच फोनवर, याच स्टुलाजवळ. त्यात दोघांचं भांडण झालं. "मी म्हनलं, तुमाले नोकरीच प्यारी हाये, पोट्टी बिननावाची मेली तरी चालंल. असं म्हनलं मी. आन फोन ठेवून देल्ला." ती माझ्याकडे बघत होती. "इचारा ना."

सपरीच्या कोपऱ्यात धानाच्या बियाण्याचं पोतं होतं. पऱ्हे टाकायला, म्हणजे रोपं तयार करायला, आठवडाभरात लागणार, म्हणून मी ते नुकतंच आणलं होतं. आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, धानाच्या कितीतरी वाणांना मुलींची नावं असतात. पोत्यावर हिरव्या अक्षरात तसंच एक नाव छापलेलं होतं. त्या काळी निम्मा तालुका तेच धान लावायचा. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आता एका मुलीचं आहे.

मी फोनमध्ये म्हणालो, "क्या? हां, हां. समझ गया," आणि डॉक्टरच्या मागून तोच बोलतोय असं भासवत पोत्यावरचं नाव वाचून तिला सांगितलं.

तिनं ते एकदा पुटपुटून बघितलं. मग हसली. मंगळवारपासून पहिल्यांदा हसली असावी.

"धानाचं नाव? असंच ठेवंल थो. सुट्टीवर आला का बांधीतून निघतच नाई. घरी बायको हाये का नाई, याद नाई राहत." मग हसू आवरून तिनं विचारलं, "रागात तं नाई ना माह्यावर?"

"नाई," मी म्हणालो. "हसून म्हनला."

हे 'हसून' मी का जोडलं, ते मला आजही सांगता येत नाही. ते कुणी मागितलं नव्हतं.

फोन ठेवला. तिनं पिशवी उचलली, मुलीच्या कानाशी तोंड नेऊन तिला त्या नावानं हाक मारली आणि घरी गेली. माझी बायको गडवा खाली ठेवत म्हणाली, "थो तं माह्या भावाचा नंबर होता."

"चूप राय," मी म्हणालो.

त्याच दिवशी तिच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. गुरुवारी तहसीलदार, पोलीस, फौजेचे लोक येणार होते आणि तिचं घर बैलगाडीच्या वाटेवर होतं, मधे एक मोठा खड्डा. ग्रामपंचायतीनं ट्रॅक्टरनं मुरूम आणून टाकला. गावातले दहा-बारा जण फावडी घेऊन तो पसरत होते. मी देखरेखीला उभा होतो. ती घागर घेऊन आली, तिनं सगळ्यांना पाणी पाजलं आणि विचारलं, "आज काऊन सुचलं ग्रामपंचायतले?"

एक जण म्हणाला, "निधी आला वो बाई. वापस जाते ना, म्हनून."

ती त्यांच्याशी आणखी काहीतरी बोलली. मी लांब होतो, मला ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की ती गेल्यावर त्यांतल्या कुणीही मान वर केली नाही. फावडी मात्र जोरात चालू लागली.

गुरुवारी सकाळी मी आणि जमादार महामार्गावरच्या फाट्यावर उभे होतो. ट्रक आला. पुढच्या सीटवरून एक सुभेदार उतरला, पन्नाशीचा, सावळा, दक्षिणेकडचा असावा. हिंदी अडखळत बोलायचा, पण शब्द नेमके. त्यानं मला बाजूला घेतलं.

"परिवार में सबको बता दिया?"

"पिताजी को मालूम है, साहब."

"और पत्नी को?"

"उनको बोला है, घायल है."

त्यानं पुढे बघितलं. फाट्यापासून गावापर्यंत सुट्टीतून बोलावलेली शाळेची मुलं कागदी झेंडे घेऊन दोन्ही बाजूंना उभी केली होती. तो म्हणाला, "इतने बच्चों को पता है और उसको नहीं?"

जमादार म्हणाला, "इधर ऐसाही करते हैं, साहब."

"ताबूत यहीं रुकेगा," सुभेदार म्हणाला. "पहले मैं जाऊँगा. आप मेरे साथ चलिए."

शवपेटीचा ट्रक पळसाच्या सावलीत थांबला. आम्ही दोघं मुरूम टाकलेल्या नव्या रस्त्यानं चालत गेलो. अंगणात ती पायांवर मुलीला घेऊन तेल लावत होती. सुभेदारानं टोपी काढली, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सांगितलं. एकच वाक्य, हळू, तिच्याकडे बघत. "बेटी, आपके पति नहीं रहे." त्याच्या मागे आणखी शब्द नव्हते. इतकं सरळ सांगितलेलं मरण मी तोवर ऐकलं नव्हतं.

ती रडली नाही. तिनं मुलीला पदरात घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"काल तं बोलले ना थे?"

सुभेदाराला तिची बोली कळत नव्हती. तो माझ्याकडे बघू लागला. माझ्या मागे दारात तिचा सासरा उभा होता.

"कवा गेले मंग?" तिनं विचारलं.

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. सुभेदारानं माझं काम अर्धं करून दिलं होतं, उरलेलं अर्धं एका शब्दाचं होतं. मंगळवारी. मी म्हणालो, "काल सांजी."

"क्या पूछ रही हैं?" सुभेदारानं विचारलं.

"कुछ नहीं, साहब."

तेवढ्यात बाया आत शिरल्या, आकांत सुरू झाला आणि पुढे कुणी कुणाला काही विचारण्याजोगं राहिलं नाही.

महिन्याभरानं विहारात मुलीचं नाव ठेवलं. त्रिशरण-पंचशील झालं. नाव कोणी सुचवलं, असं विचारलं गेलं तेव्हा म्हातारा उठून म्हणाला, "बापानं. पाटलानं फोनवर ऐकलं, पाटीलच सांगल." मुलगा मंगळवारी गेला हे त्याला माहीत होतं. समोर बसलेल्या जवळजवळ सगळ्यांना माहीत होतं. मी उभा राहिलो आणि ते नाव मोठ्यानं म्हणालो. लोकांनी तीनदा साधू म्हटलं. बाहेर आल्यावर म्हातारा माझ्या हाताला धरून एवढंच म्हणाला, "राहू द्या. चांगलं नाव हाये." तो आता नाही. त्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडून मला कवच मिळालं एवढं मात्र खरं.

शाळेसमोर स्मारकाचा दगड बसवला. त्यावर मंगळवारची तारीख आली, फौजेच्या कागदांत होती तीच. फौजीची बायको माझ्याकडे आली. "दगडावर चुकलं. बुधवारी थे फोनवर बोलले, तं मंगळवारी मेले कसे? तुमी अर्ज करा, तुमच्या शब्दाले मान हाये." मी म्हणालो, "सरकारी काम हाये बाई, चुकते. करतो अर्ज." पुढच्या वर्षी तिनं विचारलं, "केला का अर्ज?" मी म्हणालो, "केला. उत्तर नाही." मग तिनं विचारणं सोडलं.

दरवर्षी दगडावरच्या तारखेला गाव जमायचं, भाषणं व्हायची. तीही यायची, मुलीला घेऊन, पांढऱ्या पातळात. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एकटीच पुन्हा यायची, एक मेणबत्ती लावायची आणि वाऱ्याला हात आडवा धरून ती विझेपर्यंत बसायची. मी सायकलवर त्या वेळी शाळेकडून येणं बंद केलं. तळ्याच्या पाळीवरून, लांबच्या वाटेनं घरी यायचो. बायको एकदा म्हणाली, "वाघ बसला हाये का शाळेजवळ?"

मी स्वतःची समजूत घालायचो ती अशी: माझं खोटं काढून घेतलं, तर तिच्याजवळ नवऱ्याचं शेवटचं काय उरतं? ते भांडण. पोट्टी बिननावाची मेली तरी चालेल, हे तिचंच वाक्य आणि आपटून ठेवलेला फोन. त्याच्यापेक्षा 'हसून म्हनला' बरं. मी तिच्यावर दयाच करतोय असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. आज वाटतं, त्या दयेत माझी सोय जास्त होती.

मुलगी नववीत गेली. हुशार निघाली आणि आईसारखी धीट. प्रजासत्ताक दिनाच्या आधी शाळेत स्मारकाची साफसफाई होती, दगडावरची अक्षरं रंगवायचं काम तिच्याकडे आलं. त्याच दिवशी दुपारी आई तिला दंडाला धरून माझ्या घरी घेऊन आली. मुलीच्या गालावर बोटं उमटली होती.

"पाटील, इले सांगा. माह्यावर तं इचा भरोसा नाई."

"काय झालं?"

"म्हन्ते, दगड खोटा नाई, आई तू खोटी हायेस."

"मी असं नाई म्हनलं," मुलगी म्हणाली. "मी म्हनलं, दगडावर बाकी सारं बरोबर हाये. नाव बरोबर, गाव बरोबर, पलटण बरोबर. मंग तारीखच कशी चुकंल? आन तारीख बरोबर असंल तं बाबा फोनवर बोलले कसे?"

"आयकलं? मास्तरीन झाली. सांगा इले तुमी. तुमीच होते फोनवर. तुमच्या कानानं आयकलं ना?"

स्टूल तिथेच होतं. फोन केव्हाच काढून टाकला होता, त्यावर आता पाण्याचा माठ ठेवत असू. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत संशय असता तर मी कदाचित पुन्हा निभावून नेलं असतं. पण तिला मनातून मी 'हो' म्हणावं असंच वाटत होतं.

"काका," तिनं विचारलं, "बाबाचा आवाज कसा होता?"

मी तोंड उघडलं. त्याचा आवाज मला माहीत होता, तो याच सपरीत कितीदा बोलला होता. पण त्या सकाळचा म्हणून मला फक्त घंटीचा आवाज आठवत होता.

"उद्या मी तुमच्या घरी येतो," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीचा दंड सोडून म्हणाली, "चाल," आणि दोघी गेल्या. माझी बायको चुलीपासून उठून आली. "उद्या तुमी नाई गेले तं मी जाईन. माह्या भावाचं दुकान होतं थे. मीही गडवा घेऊन उभीच होती ना, एक शब्द बोलली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. त्या काळी सगळे असंच करत. तुमच्या सासऱ्यानं सांगितलं होतं. तुमच्या लेकराच्या दुधासाठी. ठाण्यातूनच तसं आलं होतं. सगळी खरी होती. तिच्या अंगणात पाऊल टाकलं आणि त्यांतलं एकही मला उच्चारावंसं वाटलं नाही.

ती सुपात तांदूळ पाखडत होती. मुलगी पुस्तक घेऊन उन्हात बसली होती. मी खाली बसलो. मुलीला म्हणालो, "तूही बस, पोरी. थे तुहंही हाये."

मग मी सांगितलं. फोन कुठं लावला होता, तिकडे कुणीच नव्हतं, मी घंटीशी बोलत होतो. सूप चालत राहिलं, तांदूळ वर जात होता आणि खाली येत होता.

"मंग नाव?" मुलीनं विचारलं.

"कोपऱ्यात बियान्याचं पोतं होतं. त्यावरचं वाचलं."

मुलीनं पुस्तक मिटलं. आई सुपाकडे बघतच म्हणाली, "थे काईच नाई बोलले?"

"नाई."

"हसले नाई?"

"नाई, बाई. थे आदल्या दिवशीच गेले होते. दगड बरोबर हाये."

तिनं कोंडा झाडून पुन्हा सूप धरलं. मग विचारलं, "रस्ता बनवून रायले होते, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

"त्या फावडेवाल्याइले?"

"साऱ्याइले."

सूप थांबलं. "मी त्याइले पानी नेऊन देल्लं. आन म्हनलं, चांगला बनवा गा, माह्या घरचा मानूस लंगडत येईल."

मग मला कळलं, त्या दिवशी पाणी पाजताना ती काय बोलली होती आणि कुणी मान का वर केली नव्हती.

मी हात जोडले. "बाई, तुमाले सांगाचं काम माह्याकडं देल्लं होतं. मी थे केलं नाई. तुमचा मानूस गेला हे साऱ्या गावाच्या मागून तुमाले कळलं, थे माह्यामुळं. वरून त्याइच्या तोंडी मी माहे शब्द घातले आन इतकी वर्षं तुमाले त्याच्यावर रडू देल्लं. पोरी, तुह्या बापाच्या जागी उभं राहून मी तुहं नाव ठेवलं, मले तो हक नव्हता. माहं चुकलं. माह्याजवळ दुसरं कारन नाई. मी तुमा दोघींची माफी मागतो."